गाभ टाकलेल्या गाईपासून तापाच्या माणसापर्यंत: ब्रुसेलोसिसच्या साथीचा तपास कसा करावा

गावात तीन-चार जण महिना-महिना तापाने रेंगाळतात. ताप येतो, उतरतो, पुन्हा चढतो. टायफॉइड म्हणून औषधांचे दोन कोर्स होतात, कंबरदुखीसाठी कुणी पट्टा लावतं, कुणी टीबीच्या शंकेने एक्स-रे काढतं. शेवटी शहरातल्या दवाखान्यात कुणाचं तरी रक्त तपासलं जातं आणि फाइलवर ‘ब्रुसेला’ हा शब्द येतो, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिसचा जिवाणू. मग आरोग्य खात्याची गाडी येते, माणसांचं रक्त घेऊन जाते. आठ-पंधरा दिवसांनी पशुसंवर्धन खात्याचा माणूस मोटारसायकलवर येतो, जनावरांचं रक्त घेऊन जातो. दोन अहवाल दोन टेबलांवर पडतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत.

चूक इथेच होते. माणूस तापला म्हणून तपास सुरू होतो, पण पुरावा असतो गोठ्यात, आणि तोही महिना-दोन महिन्यांपूर्वीचा. ताप येण्याआधी कुणाची तरी गाय किंवा शेळी गाभडलेली असते. तो दिवस सापडला नाही, तर बाकीचा तपास म्हणजे नुसती रक्ताच्या बाटल्यांची मोजणी.

पुढची पद्धत पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आरोग्य सेवक, आशाताई आणि दूध संस्थेचे सचिव अशा सगळ्यांसाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. अपवाद एकच, तो टप्पा ८ मध्ये सांगितला आहे.

आधी एवढं पक्कं माहीत हवं

गाई-म्हशींत हा रोग मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस जिवाणूमुळे होतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिसमुळे. माणसाला दोन्हींपासून होतो, पण शेळ्या-मेंढ्यांचा जिवाणू जास्त त्रासदायक. जनावरात ठळक खूण एकच, शेवटच्या महिन्यांत गाभ टाकणं. गाय साधारण पाचव्या ते आठव्या महिन्यात, शेळी शेवटच्या दोन महिन्यांत. पुष्कळदा जार (कुठे वार म्हणतात) अडकतो. त्यानंतर तेच जनावर पुढच्या वेताला व्यवस्थित वितंही, त्यामुळे मालकाला ‘बरं झालं’ असं वाटतं. जिवाणू मात्र कासेत आणि गाठींमध्ये राहतो आणि दुधातून, व्यायच्या वेळच्या स्रावातून बाहेर पडत राहतो.

माणसात लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ५ दिवसांपासून २ महिन्यांपर्यंत वेळ जातो, कधी त्याहून जास्त. बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात. चढउताराचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सांधे आणि कंबर दुखणं, पुरुषांत अंडकोष सुजणं, अंगात त्राण न राहणं ही लक्षणं. माणसापासून माणसाला लागण क्वचितच होते. म्हणून घरातले तिघं आजारी पडले तर ‘एकमेकांचं लागलं’ असं लिहू नका. तिघांचा समान संपर्क शोधा.

## टप्पा १: गोठ्यात पाऊल टाकण्याआधी

पथकात कमीत कमी दोघं हवेत, एक पशुवैद्यक आणि एक आरोग्य खात्याचा माणूस, आणि दोघांनी एकाच गाडीतून जायचं. वेगवेगळ्या दिवशी गेलात तर घरातली बाई आरोग्यवाल्यांना एक सांगते आणि घरातला पुरुष पशुवैद्यकाला दुसरं. खोटं कुणीच बोलत नाही, ज्याला जे विचारलं तेवढंच तो सांगतो.

निघण्याआधी तीन फोन करा: तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला, आणि नमुने जिथे जाणार त्या प्रयोगशाळेला. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे. किती नमुने येणार, कोणत्या दिवशी येणार, कशात पाठवायचे हे आधी विचारा. शुक्रवारी दुपारी नमुने गोळा करून शनिवार-रविवार ते दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवणं ही नेहमीची फजिती.

सोबत घ्या: खांद्यापर्यंतचे हातमोजे, आतून घालायचे साधे हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, गमबूट, अ‍ॅप्रन, रक्तासाठी साध्या नळ्या (रक्त गोठू न देणारं द्रव्य नसलेल्या), निर्जंतुक डब्या, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मास पेटी, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, चुना, न पुसणारा मार्कर, जाड वही आणि चालू वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडर का, ते टप्पा ४ मध्ये कळेल.

इशारा: टाकलेलं वासरू आणि जार हा या रोगातला सगळ्यात धोकादायक माल. उघड्या हाताने शिवू नका, गरोदर सहकाऱ्याला गोठ्यात नेऊ नका. गावात एखादं जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं असेल, तर ते ब्रुसेलोसिस समजून कापायला जाऊ नका. ती काळपुळी (फाशी) असू शकते. तिथे शवविच्छेदन करायचंच नसतं.

## टप्पा २: साथ खरोखर आहे का?

एका माणसाची चाचणी सकारात्मक आली म्हणजे साथ आली असं नाही. आणि एकही माणूस आजारी नसताना एकाच वस्तीवर दोन महिन्यांत चार गाई गाभडल्या, तर माणसांचा ताप येण्याची वाट बघत बसू नका. तपास त्या दिवशीच सुरू होतो.

माणसांच्या बाजूने पाहायचं ते हे. चाचणी कोणती झाली? ‘रोज बंगाल’ (Rose Bengal) ही झटपट रक्तचाचणी चाळणीसाठी ठीक आहे, पण तिच्यावरून निदान पक्कं करू नये. प्रमाणित नळी चाचणीत प्रतिपिंडं (जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले घटक, अँटीबॉडी) किती पातळीवर, म्हणजे रक्तजल किती पट पातळ करूनही, आली ते बघा, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ चालत नाही. प्रतिपिंडं फार जास्त असली तर रक्त पुरेसं पातळ केल्याशिवाय चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, हे प्रयोगशाळेला आठवण करून द्या. विडालचा, म्हणजे टायफॉइडच्या चाचणीचा, अहवाल फाइलला लावलेला असेलच. त्याने ब्रुसेला सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही.

जनावरांच्या बाजूने, गाभ टाकण्याचं कारण ब्रुसेलाच असेल असं धरून चालू नका. लेप्टोस्पायरा जिवाणू, आयबीआर (गाई-म्हशींचा एक विषाणूजन्य रोग), शेळ्यांत क्यू ताप (हाही जिवाणूचा रोग), लाळ्या-खुरकुतातला जबर ताप, विषारी चारा, पोटाला लागलेला मार, सगळ्यांनीच गाभ टाकला जातो. यातले लेप्टो आणि क्यू ताप माणसालाही होतात, म्हणून तेही यादीत ठेवा.

तपासा: गावात वर्षाला साधारण किती जनावरं गाभडतात, हे कुणी सांगू शकतं का? पशुवैद्यकीय दवाखान्याची नोंदवही आणि कृत्रिम रेतन करणाऱ्याची वही, दोन्ही उघडा. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर ‘जास्त’ हा शब्द अहवालात लिहू नका.

## टप्पा ३: कुणाला रुग्ण म्हणायचं ते आधी कागदावर

ही व्याख्या घरं फिरायला लागण्याआधी ठरवायची असते. नंतर ठरवली की आवडता रुग्ण यादीत बसवण्याचा मोह होतो.

माणसांसाठी तीन पायऱ्या पुरतात. *संशयित:* ठरवलेल्या काळात, ठरवलेल्या गावात, दोन आठवडे किंवा जास्त ताप किंवा रात्रीचा घाम, सोबत सांधेदुखी, कंबरदुखी किंवा अंडकोषाची सूज. *संभाव्य:* संशयित, आणि सोबत सकारात्मक जनावराशी किंवा त्याच्या निरस्या दुधाशी संबंध, किंवा नळी चाचणीत १:१६० किंवा त्याहून जास्त. *पक्का:* रक्तातून जिवाणू वाढला, किंवा दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडं चौपट वाढली.

जनावरांसाठीही व्याख्या हवी, आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. ‘गाभडलेली गाय’ म्हणजे कितव्या महिन्यात? तिसऱ्या महिन्यात पाझरलेली गाय आणि सातव्या महिन्यात मेलेलं वासरू टाकणारी गाय एका रकान्यात गेल्या, तर पुढचं गणित चुकणारच.

‘दोन आठवडे ताप’ ही अट काहींना कडक वाटते. मला सैल यादीपेक्षा कडक यादी बरी वाटते. पावसाळ्यात साधा ताप प्रत्येक घरात असतो.

## टप्पा ४: दोन याद्या, एकच कॅलेंडर

सगळ्या तपासाचा कणा इथे आहे. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

पहिली यादी जनावरांची. प्रत्येक ओळीत कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, मालक, जात, वय, कितवं वेत, कधी भरवली, कधी गाभडली, जार पडला की अडकला, जार कुणी काढला, कुठे टाकला, गाय विकत आणली का, कधी आणि कोणत्या बाजारातून, लहानपणी ब्रुसेलाची लस झाली का.

दुसरी यादी माणसांची. नाव गुप्त राहील अशी संख्या, वय, काम, ताप सुरू झाल्याची तारीख (दवाखान्यात गेल्याची नव्हे, ही चूक फार होते), कोणत्या जनावराजवळ गेला, कोणत्या प्रकारे, निरसं दूध प्यायला का, कधी.

आता भिंतीवरचं कॅलेंडर उलगडा. गाभडलेल्या जनावराला काळा ठिपका, आजारी माणसाला लाल. लाल ठिपक्यापासून मागे ५ दिवस ते २ महिने मोजा. त्या पट्ट्यात काळा ठिपका पडत नसेल तर तुमच्याकडे एक जनावर कमी आहे. ते शोधा.

तारखा कशा मिळवायच्या? ‘कधी गाभडली?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘दोनेक महिनं झालं असतील.’ त्यावर विसंबू नका. ‘बेंदराच्या आधी की नंतर? गावजत्रेच्या वेळी गाय बरी होती का?’ असं विचारा. घराच्या भिंतीवर कालनिर्णय असतंच, आणि त्यात गॅस सिलिंडरच्या शेजारी ‘गाय भरवली’ असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. ती तारीख मिळाली की गाईचा साधारण २८० दिवसांचा, म्हशीचा ३१० दिवसांचा आणि शेळीचा १५० दिवसांचा काळ मोजून गाभ कितव्या महिन्यात टाकला ते काढता येतं.

दुसरा खात्रीचा साक्षीदार म्हणजे दूध संकलन केंद्राची नोंद. दहा दिवसांची बिलं काढा. आटलेल्या गाईचं दूध मार्चमध्ये यायला नको होतं आणि अचानक आलं, तर ती व्यायली तरी किंवा गाभडली तरी. वासरू गोठ्यात दिसत नसेल तर उत्तर मिळालं. ही युक्ती मला एका दूध संस्थेच्या सचिवाने शिकवली, त्याला ती चोरटं दूध पकडण्यासाठी सुचली होती.

तपासा: दोन्ही याद्यांत एकच घर येतं का? जनावर गाभडलं पण माणूस आजारी नाही अशी घरंही लिहा. पुढच्या गणिताला तीच लागतात, आणि तीच सगळ्यात जास्त सुटतात.

## टप्पा ५: विचारपूस

‘निरसं दूध पिता का?’ या प्रश्नाला गावात ‘नाही’ हेच उत्तर मिळतं, कारण विचारणारा सरकारी माणूस आहे. मग असं विचारा: ‘धार काढताना पोरांना पेलाभर धारोष्ण दूध देता का? दही कशाचं विरजता, तापवलेल्या दुधाचं की तसंच? शेळीचं दूध आजारी माणसाला कच्चं देता का? चिकाचा खरवस वाफवला होता, की चीक तसाच चाखला?’ पंधरा मिनिटांत ‘नाही’चं ‘होय’ होतं.

हाताने केलेल्या कामांना दुधापेक्षा जास्त वेळ द्या. व्यायला मदत कुणी केली, जार कुणी ओढला, वासरू कुणी पुसलं, गोठा कुणी धुतला, शेण कुणी काढलं. एका घरी मी विचारलं, ‘जार काढताना हातमोजे घातले होते का?’ बाई म्हणाल्या, ‘प्लास्टिकची पिशवी बांधली होती की हाताला.’ म्हटलं, पिशवी दाखवा. त्यांनी ती मीठ ठेवायला वापरायला घेतली होती. अंगठ्याजवळ फाटलेली होती. त्यांचा ताप कॅलेंडरवर गाय गाभडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी होता. तोपर्यंत घरातले सगळे म्हणत होते की त्या दूध पीत नाहीत, मग त्यांना कसं झालं?

आणखी कुणाला विचारायचं राहतं? खाटीक आणि त्याचे मदतनीस, कातडं नेणारे, जनावरांचे व्यापारी, कृत्रिम रेतन करणारा, खासगी जनावरांचे डॉक्टर, आणि स्वतः पशुधन पर्यवेक्षक. पर्यवेक्षक भाऊंना किती दिवसांपासून कंबर दुखतेय हे त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं.

इशारा: चौकात, चार माणसांसमोर विचारू नका. ‘अमक्याच्या गाईमुळे रोग आला’ हे वाक्य एकदा पसरलं की ती गाय रात्रीत बाजाराला जाते. सोबत रोगही जातो.

## टप्पा ६: नमुने

जनावरांचे. गाभडल्याच्या दिवशी घेतलेलं रक्त नकारात्मक आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रतिपिंडं त्या वेळी तयार झालेली नसू शकतात. तीन-चार आठवड्यांनी तेच जनावर पुन्हा तपासा. लहान गोठ्यातली सहा महिन्यांवरची सगळी जनावरं तपासा. ‘फक्त गाभडलेलीच’ तपासलीत तर शेजारी शांतपणे रोग सोडत उभी असलेली गाय सुटते.

लसीची नोंद नसेल तर निकाल वाचता येत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना दिली जाणारी एस-१९ लस प्रतिपिंडं तयार करते, आणि साधी चाचणी लस आणि रोग यांतला फरक सांगत नाही. म्हणून बिल्ल्याचा क्रमांक पहिल्या रकान्यात.

टाकलेलं वासरू मिळालं तर त्याच्या जठरातलं द्रव हा सर्वोत्तम नमुना, त्याखालोखाल फुप्फुस, प्लीहा आणि जाराचे गुच्छ. निर्जंतुक डबीत, बर्फावर, एकावर एक तीन आवरणांत. जिवाणू वाढवायचा असेल तर फॉर्मेलिनमध्ये कधीच टाकू नका, फॉर्मेलिन त्याला मारतं.

दुधाची वलय चाचणी (दुधातली प्रतिपिंडं रंगीत कड्याने दाखवणारी) गाईंच्या कॅनवर चाळणी म्हणून चांगली. पण नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकात, कासदाहात आणि आटत आलेल्या गाईत ती खोटी सकारात्मक येते. शेळीच्या दुधावर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

माणसांचे. रक्त साध्या नळीत, रक्तजल वेगळं करून थंड ठेवा. जिवाणू वाढवण्यासाठी रक्त प्रतिजैविकं सुरू होण्याआधी घ्या. पुष्कळदा तोवर दोन कोर्स झालेले असतात. तसं असेल तर ते अर्जावर लिहा.

इशारा: नमुन्यासोबतच्या अर्जावर ‘ब्रुसेलाचा संशय’ हे शब्द मोठ्या अक्षरात लिहा. हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या माणसांना सहज लागतो. न सांगता पाठवलेली डबी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ताप.

## टप्पा ७: आकडे मांडताना

आता दोन्ही याद्यांची गाठ घालायची. एक काल्पनिक वस्ती घेऊ: २०० माणसं, १२ रुग्ण.

निरसं दूध पिणारे ४०, त्यांत ८ आजारी, म्हणजे २० टक्के. न पिणारे १६०, त्यांत ४ आजारी, म्हणजे २.५ टक्के. आठपट फरक. इथे बहुतेक जण थांबतात आणि अहवालात लिहितात, ‘कारण: निरसं दूध.’

थांबू नका. धार काढणारी माणसंच धारोष्ण दूध पितात आणि तीच व्यायला मदतही करतात. म्हणून चार गटांत फोडा. जार किंवा वासरू हाताळलं आणि दूधही प्यायले: २४ पैकी ६. हाताळलं पण प्यायले नाहीत: ६ पैकी ३. प्यायले पण हाताळलं नाही: १६ पैकी २. दोन्ही नाही: १५४ पैकी १. आता दिसतं की दोन्ही वाटा खुल्या आहेत, आणि हाताने होणारी लागण दुधामागे झाकली गेली होती. ‘दूध उकळा’ एवढंच सांगून घरी गेला असतात तर त्या सहा जणांसारखी माणसं तशीच उघडी राहिली असती. सहा जणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये हे खरं, पण त्यांना वगळूही नये.

आणि तो शेवटचा एकटा? त्याच्याकडे परत जा. १५४ मधला एकच माणूस आजारी पडतो तेव्हा बहुधा प्रश्न चुकलेला असतो. तो मटणाच्या दुकानात रविवारी मदतीला जात असेल, किंवा सासुरवाडीला शेळी व्यायली असेल.

## टप्पा ८: उपाय, आणि ते पहिल्याच दिवशी

क्रमाचा अपवाद हाच. अहवाल येईपर्यंत थांबण्यासारखं यात काही नाही, पहिल्या भेटीतच सुरू करा.

१. टाकलेलं वासरू, जार आणि भिजलेला पेंढा विहिरीपासून, ओढ्यापासून दूर, चार-पाच फूट खोल पुरा, वर चुना घाला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांद्या टाका. उकिरड्यावर फेकलेला जार कुत्रं दुसऱ्या वस्तीवर नेतं, आणि तुमच्या नकाशावर एक ठिपका भलतीकडेच उगवतो.

२. जागा आधी घासून धुवा, मगच हायपोक्लोराइट टाका. शेणावर टाकलेलं औषध शेणातच संपतं. ऊन पडू द्या. सावलीतल्या ओलसर जागी हा जिवाणू महिनोन्महिने टिकतो, कडक उन्हात लवकर मरतो.

३. गाभडलेलं आणि सकारात्मक जनावर वेगळं बांधा. व्यायला आलेल्या गाईची जागा वेगळी. विकायचं नाही, बाजारात न्यायचं नाही, कुणाच्या गोठ्यात ‘चार दिवस’ बांधायचं नाही.

४. दूध उकळून वापरलं तर सुरक्षित आहे हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवलं की जिवाणू मरतो, घरी उकळी आली की काम झालं. हे न सांगितल्यामुळेच लोक गाय लपवतात, त्यांना वाटतं डेअरी दूध बंद करणार. रतीब घालणाऱ्याला मात्र ग्राहकांना उकळायला सांगायला लावा.

५. जार हाताळलेल्या, पण अजून आजारी न पडलेल्या माणसांची नावं वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. आधीच गोळ्या द्यायच्या का, हा निर्णय डॉक्टरांचा. गरोदर बायकांना त्याच दिवशी पाठवा.

रुग्णांच्या उपचारात ठरलेली चूक म्हणजे ताप उतरला की गोळ्या सोडणं. नेहमीचा उपचार दोन औषधं एकत्र, सहा आठवडे, असा असतो: डॉक्सीसायक्लिन आणि सोबत रिफॅम्पिसिन. रिफॅम्पिसिन टीबीचंही औषध आहे, म्हणून मणक्याच्या दुखण्यात टीबी आहे का हे डॉक्टरांनी आधी पाहायला हवं. दहाव्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या महिन्यात उलटतं. आशाताईंच्या वहीत सहा आठवड्यांच्या खुणा करून ठेवा.

लस साथीच्या मधोमध गाभण जनावरांना टोचायला काढू नका. एस-१९ जिवंत लस आहे, गाभण गाईला ती गाभडवू शकते, नरांना द्यायची नसते. ज्या कालवडी चार ते आठ महिन्यांच्या आहेत त्यांनाच. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर तो अपघात म्हणून नोंदवा आणि डॉक्टर गाठा, या लसीने माणूस आजारी पडतो.

## टप्पा ९: नोंदी आणि पाठपुरावा

माणसांची नोंद आरोग्य केंद्रातून एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर, जनावरांची पशुसंवर्धन विभागाच्या प्रणालीवर. दोन्हीकडे गावाचं नाव एकाच पद्धतीने लिहा. एकीकडे वाडीचं नाव आणि दुसरीकडे ग्रामपंचायतीचं, असं झालं की वरच्या पातळीवर कुणालाही ती साथ एक दिसत नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार हा कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, आणि तो कळवण्याची जबाबदारी मालकावरही आहे. हे दरडावून सांगू नका, पण सांगा.

गोवंशहत्याबंदीमुळे महाराष्ट्रात सकारात्मक गाय कत्तलीने गोठ्याबाहेर जाणार नाही. ती तिथेच राहणार आणि पुन्हा गाभण राहणार. म्हणून अहवाल लिहून झाला तरी एक कागद गावात ठेवून यायचा असतो: सकारात्मक आणि त्यांच्या शेजारच्या जनावरांची यादी, प्रत्येकीची भरवल्याची तारीख, आणि त्यावरून काढलेली व्यायची तारीख. एक प्रत पर्यवेक्षकाकडे, एक आशाताईंकडे, एक दूध संस्थेच्या सचिवांकडे. दीड-दोन महिन्यांच्या अंतराने पुन्हा रक्त घ्यायच्या तारखा त्याच कागदावर.

त्या यादीतली पहिली गाय व्यायच्या आठवडाभर आधी त्या घरी हातमोज्यांची दोन जोड आणि चुन्याची गोणी पोचली आहे का, एवढं फोन करून विचारा.